ज्ञानकोशातला विनोद: कुठे खुलतो आणि कुठे खुपतो

प्रश्न थोडक्यात असा: "मी काही महिन्यांपासून एका मुक्त ऑनलाइन ज्ञानकोशात लिहितो. सुगरण पक्ष्याच्या लेखात मी 'नर बिचारा बायकोच्या पसंतीशिवाय एक काडीही पुढे लावत नाही!' असे वाक्य घातले. थोड्याच वेळात ते कोणीतरी उलटवले, म्हणजे माझा बदल रद्द केला. पण याच प्रकल्पात संपादकांनी लिहिलेली विनोदी पाने आहेत, एक एप्रिलला मुखपृष्ठावर गंमत असते, काही लेख वाचताना तर हसू आवरत नाही. मग विनोद चालतो की नाही? आणि चालत असेल तर माझ्या वाक्याचे काय चुकले?"

विनोद चालतो. अनोळखी माणसांनी मिळून, पगाराशिवाय चालवलेला ज्ञानकोश विनोदाशिवाय फार दिवस तग धरेल असे मला वाटतही नाही. पण तो कुठे करायचा याबाबत मी कडक आहे. अलीकडील बदलांवर गस्त घालणे आणि नव्या संपादकांना हाताशी धरणे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे केली आहेत. तुमचे वाक्य माझ्यासमोर आले असते तर मीही ते उलटवले असते, पण कारण लिहून. ते कारण इथे सविस्तर सांगतो, कारण "कृपया गंभीर लिहा" एवढ्या शेऱ्यातून नव्या माणसाला काहीच कळत नाही.

आधी वाचक कसा येतो ते पाहा. तो शोधयंत्रातून थेट लेखाच्या मधोमध उतरतो. त्याला दोन ओळी हव्या असतात, त्या वाचून तो निघून जातो. तो शाळेतला मुलगा असेल, लेखाची भाषा त्याची मातृभाषा नसेल, तो यंत्राने केलेले भाषांतर वाचत असेल. शिवाय मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, त्यामुळे इतर संकेतस्थळे आणि अॅप तो जसाच्या तसा उचलतात. तिथे तुमच्या उद्गारचिन्हाला काही अर्थ उरत नाही. वर्तमानपत्रातल्या सदरावर लेखकाचे नाव असते आणि ते पाहिले की वाचक हसायच्या तयारीने बसतो. ज्ञानकोशातल्या वाक्याखाली सही नसते. "बिचारा" कोण म्हणतोय, हे विचारले तर उत्तर "ज्ञानकोश म्हणतोय" असेच येते, आणि ज्ञानकोशाला पक्ष्यांच्या संसाराबद्दल मत असू शकत नाही.

दुसरे कारण विनोदाच्या घडणीत आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. विनोद शब्दांच्या क्रमावर, एखाद्या विरामावर, एका आवाजावर उभा असतो. इथे प्रत्येक वाक्यावर दहा हात फिरणार. तुमच्या ओळीतला "बायको" शब्द कोणीतरी बदलून "मादी" करणार, कारण तो बरोबर शब्द आहे. दुसरा "बिचारा" काढणार, कारण ते मत आहे. तिसरा "एक काडीही" याला "संदर्भ हवा" अशी चिठ्ठी लावणार आणि चौथा शेवटी स्वतःची कोटी जोडणार. प्रत्येकाची कृती नियमाला धरून आहे, पण महिन्याभराने तिथे विनोदही उरत नाही आणि माहितीही उरत नाही. वस्तुस्थिती दहा जणांनी दहा प्रकारे लिहिली तरी टिकते. कोटी तशी टिकत नाही. जुन्या लेखांचा इतिहास उघडून पाहिलात तर दिसेल की एक गमतीचे वाक्य राहू दिले की त्याच्या आजूबाजूला आणखी चार येऊन बसतात, आणि पुढे ते निस्तरायला एखाद्याची अख्खी संध्याकाळ जाते.

आता तुमच्या सुगरणीकडे येऊ, कारण तिथे चांगली बातमी आहे. तुम्हाला ज्याचे हसू आले ते त्या पक्ष्याच्या वागण्यातच आहे. नर घरटे अर्ध्यापर्यंत, शिरस्त्राणासारख्या आकाराचे विणतो आणि थांबतो. पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येऊन घरट्याची पाहणी करतात. एखादीला पसंत पडले तर जोडी जमते आणि मग नर प्रवेशाची नळी विणून घरटे पुरे करतो. एका घरट्यासाठी तो पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो असे पक्षी-अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही तथ्ये याच क्रमाने, संदर्भ देऊन, एकही विशेषण न लावता लिहा. ज्याला हसायचे तो हसेल. ज्याला फक्त माहिती हवी त्याला माहिती मिळेल. आणि हा मजकूर कोणी उलटवणार नाही.

ज्ञानकोशात वाचताना हसू येते ते बहुतेक वेळा असे. इंग्रजी विकिपीडियावर १९३२ च्या ऑस्ट्रेलियातल्या "एमू युद्धा"चा लेख आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या शेतांत सुमारे वीस हजार एमू घुसले, म्हणून सरकारने दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या देऊन सैनिक पाठवले, आणि आठवड्याभरात माघार घ्यावी लागली. यात लेखकाने स्वतःचे काय घालायचे? "पक्ष्यांनी सैन्याला धूळ चारली" असे लिहिले की सगळे बिघडते, कारण वाचकाने जिथे पोचायचे तिथे तुम्ही आधीच जाऊन बसलात. तोफखान्यातल्या मेजरचे नाव, बंदुकांची संख्या, माघारीची तारीख, सारे तितक्याच गंभीरपणे द्या जितक्या गंभीरपणे खऱ्या लढाईच्या लेखात द्याल. त्या लेखात एक उघड विनोदही आहे: या मोहिमेतल्या लोकांना पदके देणार का, अशी विचारणा झाली तेव्हा ती एमूंनाच द्यावीत, कारण आतापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या त्यांनीच जिंकल्या आहेत, असे एका मजूर पक्षाच्या संसद सदस्याने म्हटले. हे वाक्य लेखात चालते, कारण ते ज्याचे आहे त्याच्या नावावर आहे. कोणीतरी जाहीरपणे केलेला विनोद ही एक घटना असते आणि घटनेची नोंद करता येते. तुम्हाला सुचलेला विनोद मात्र अजून कुठेही घडलेला नाही.

असेच दुसरे उदाहरण फुटलेल्या देवमाशाचे. ओरेगॉन राज्यातल्या फ्लोरेन्स इथे १२ नोव्हेंबर १९७० रोजी किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला देवमासा महामार्ग विभागाने अर्धा टन डायनामाइट लावून उडवला. तुकडे समुद्राकडे जाण्याऐवजी लोकांवर पडले आणि बऱ्याच अंतरावर उभी असलेली एक मोटार चेपली गेली. इथे मजा अचूकतेत आहे. किती डायनामाइट, किती लांब, कोणत्या विभागाचा निर्णय. "भरपूर स्फोटके" असे लिहिले तर वाक्य ढिले पडते. म्हणून मी नव्या संपादकांना सांगत असतो की लेख जितका हास्यास्पद विषयाचा, तितके संदर्भ पक्के हवेत, कारण वाचकाला पहिली शंका हीच येणार की हे कोणी गमतीने लिहिले आहे का. स्वच्छतागृहातल्या कागदाच्या गुंडाळीचे टोक पुढून सोडावे की मागून, या वादावरही इंग्रजीत लांबलचक लेख आहे आणि तो सर्वेक्षणे, मतभेद, कारणे असा अगदी नेटका, तळटिपांनी भरलेला आहे. तो लेख मला मनापासून आवडतो. क्षुल्लक विषयालाही पूर्ण आदर देणारी ती शिस्त आहे.

चित्रांखालच्या ओळींत थोडी अधिक मोकळीक मिळते, निदान संपादक ती घेतात. हातावर टाळी देण्याच्या प्रथेवरील इंग्रजी लेखात "हात पुढे केला आणि ऐन वेळी मागे घेतला" हा प्रकार छायाचित्रांच्या मालिकेने दाखवला आहे आणि ती अनेकांच्या लक्षात राहिली आहे. ती टिकली, कारण ती खरोखर समजावते. चित्र काढून टाकले तर माहिती कमी होते, आणि ओळ राहू द्यायची की नाही हे ठरवायला माझ्या मते हीच कसोटी पुरते.

आता त्या बाजूकडे येतो जिथे मला हसू येत नाही.

लेखात लपवलेली गंमत. लोक समजतात की उत्पात म्हणजे शिव्या, अक्षरांचा कचरा, पान कोरे करणे. तो प्रकार त्रासदायक आहे पण सोपा आहे. इंग्रजी विकिपीडियावर क्लूबॉट एनजीसारखे सांगकामे (आपोआप संपादन करणारे प्रोग्राम) त्यातला मोठा भाग मिनिटांत उलटवतात. अवघड असते ते शहाणे दिसणारे, शांत आवाजात लिहिलेले खोटे वाक्य. २००५ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या एका अनामिकाने "जारएडो वेन्स" नावाचा आदिवासी देव विकिपीडियावर घातला. पृथ्वीवरील ज्ञानाचा आणि शारीरिक बळाचा देव, असे त्याचे वर्णन होते. नाव नीट पाहिले तर ते एखाद्या साध्या इंग्रजी नाव-आडनावाची मोडतोड वाटते. हा देव मार्च २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, तिथे राहिला. ज्या लोकांच्या श्रद्धा बाहेरच्यांनी आधीच पुष्कळ वेळा चुकीच्या नोंदवल्या होत्या, त्यांच्या देवमंडळात आणखी एक खोटा देव बसवला गेला. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेल. परिणाम मात्र तोच.

२००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लेखात "याला ब्राझिलियन आर्डवार्क असेही म्हणतात" एवढेच शब्द घातले. आर्डवार्क हा आफ्रिकेतला प्राणी, त्याचा आणि कोआटीचा काही संबंध नाही. पण पुढच्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी ते नाव वापरले, एका विद्यापीठाच्या प्रकाशनातही ते आले, आणि मग तेच मजकूर लेखाचे संदर्भ म्हणून दाखवता येऊ लागले. हे चक्र एकदा फिरले की ते थांबवणे फार कठीण. ज्ञानकोशातून वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून परत ज्ञानकोशात, आणि या वेळी तळटिपेसह. "संदर्भ हवा" म्हणणाऱ्या संपादकाला खराखुरा छापील संदर्भ मिळतो आणि तो समाधानाने पुढे जातो.

डिचोलीचे उदाहरण याहून मोठे आहे. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात १६४० च्या सुमारास "डिचोलीचा संघर्ष" नावाचे युद्ध झाले, असा तपशीलवार लेख इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये आला. त्याला "चांगला लेख" हा दर्जाही मिळाला. युद्ध झालेच नव्हते. संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकेच अस्तित्वात नाहीत हे एका संपादकाने शोधले आणि २०१२ च्या अखेरीस लेख हटवला गेला. पाच वर्षांत कितीतरी जणांनी त्या लेखातली विरामचिन्हे दुरुस्त केली असतील. एकानेही ग्रंथालयाची सूची उघडली नाही. ही गंमत होती की आणखी काही, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण एखादा विनोद इतका सफाईदार असेल की तो कोणालाच कळत नाही, तर तो वाचकाच्या दृष्टीने फक्त खोटी माहिती आहे.

जिवंत माणसांबाबत तर मी एक शब्दाचीही सूट देत नाही. अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्यावरच्या लेखात २००५ च्या मे महिन्यात कोणीतरी लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा काही काळ संशय होता. सीगेनथेलर हे रॉबर्ट केनेडी यांचे सहायक राहिलेले गृहस्थ. मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. नंतर कळले की एका माणसाने आपल्या सहकाऱ्याची थट्टा करायला तो लिहिला होता. सीगेनथेलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जाब विचारला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवे लेख सुरू करणे बंद केले. जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे धोरणही त्याच सुमारास आले. दोन सहकाऱ्यांमधली ती थट्टा होती. किंमत मोजली एका तिसऱ्याच वृद्ध माणसाने.

दूरचित्रवाणीवरून केलेल्या थट्टेचेही असेच. ३१ जुलै २००६ रोजी अमेरिकन विनोदी सूत्रसंचालक स्टीफन कोल्बेर यांनी आपल्या कार्यक्रमात प्रेक्षकांना सांगितले की विकिपीडियावर जाऊन लिहा, आफ्रिकी हत्तींची संख्या सहा महिन्यांत तिप्पट झाली. बहुसंख्यांनी मान्य केले की तेच सत्य, या वृत्तीवर त्यांना टीका करायची होती आणि ती टीका नेमकी होती. पण हत्तींशी संबंधित पाने प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या संपादकांना, कुलूपबंद करावी लागली. विनोद दर्जेदार होता म्हणून ते काम हलके झाले नाही.

इथे कोणीतरी हमखास विचारते की जुन्या छापील कोशांत गमती होत्याच ना? होत्या. दिदरोने १७५१ मध्ये आपल्या फ्रेंच विश्वकोशाच्या पहिल्या खंडात "आग्वाशिमा" या ब्राझीलमधल्या वनस्पतीची नोंद करताना सरळ म्हटले की एवढेच आपल्याला माहीत आहे आणि अशी वर्णने कोणासाठी लिहितात ते कळत नाही. त्याच कोशात नरभक्षकांच्या नोंदीखाली वाचकाला ख्रिस्ती प्रसादविधीच्या नोंदीकडे पाठवले आहे. सत्तेला झोंबणारा विनोद निव्वळ "पाहा" या शब्दातून करण्याची ती कमाल होती. जर्मन वैद्यकीय कोश प्शीरेम्बेलमध्ये १९८३ पासून "दगडी ऊ" हा काल्पनिक जीव आहे. तो मूळ एका विनोदी कलावंताचा. एका आवृत्तीत तो काढून टाकला तेव्हा वाचकांनी इतकी तक्रार केली की पुढे परत घ्यावा लागला. १९७५ च्या न्यू कोलंबिया विश्वकोशात लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाची कधीच न जन्मलेली छायाचित्रकार आहे, तीही ज्वलनशील पदार्थांवरच्या मासिकासाठी काम करताना स्फोटात मेलेली.

मला ही तिन्ही उदाहरणे प्रिय आहेत. पण तिथे कोण जबाबदार हे ठरलेले होते. दिदरोच्या नोंदींवर त्याची खूण म्हणून तारका असे. प्शीरेम्बेलचा वाचक डॉक्टर होता आणि दगड खाणारी ऊ कोणत्या जातीची गंमत आहे हे त्याला कळत होते. संपादक मंडळाला त्या एका खोट्या नोंदीची कल्पना होती आणि दुसरी येणार नाही याची खात्रीही होती. आपल्याकडे दार सर्वांना उघडे आहे. एकाला जी सूट दिली ती सर्वांना द्यावी लागते, आणि हजारो खोट्या नोंदी झाल्या तर खऱ्या नोंदींचीही किंमत जाते.

एक एप्रिलचे उत्तर वेगळे आहे आणि ते शोधून काढणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर त्या दिवशी जे येते ते सगळे खरे असते, फक्त मांडणी चकवणारी असते. २००७ मध्ये त्या दिवशीचा विशेष लेख जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर होता. राष्ट्राध्यक्ष नव्हेत, झटपट कॉफीचा धंदा उभारणारे बेल्जियममध्ये जन्मलेले संशोधक. २००८ मध्ये टेक्सासच्या दानशूर कलासंग्राहक आयमा हॉग यांचा लेख होता, ज्यांचे नाव इंग्रजीत वाचताच कोणीही थबकते, कारण ते "मी डुक्कर आहे" असे ऐकू येते. २००९ मध्ये वाईट कलाकृतींच्या संग्रहालयाचा. म्हणजे काम आधीचे कित्येक महिने चालते: विषय शोधायचा, लेख सर्वोच्च दर्जाला न्यायचा, संदर्भ तपासून घ्यायचे आणि मग परिचयाच्या चार ओळी अशा लिहायच्या की वाचक फसेल, पण लेख उघडताच त्याला सगळे नीट कळेल. "आपणास माहीत आहे का?" या सदरातही त्या दिवशी असेच करतात. तुम्हाला मुखपृष्ठावर विनोद करायचा असेल तर हाच मार्ग धरा, पण तयारी जानेवारीत सुरू करा.

त्याच दिवशी संपादक पृथ्वी, सूर्य वगैरे लेख "हटवावेत" असे लटके प्रस्तावही मांडतात. त्यासाठी नियम आहेत: लेखाच्या पानाला हात लावायचा नाही, लेखावर खरी हटवण्याची पाटी लावायची नाही, प्रस्तावावर विनोदाची खूण हवी. हे नियम भांडणांतून आले. आणि एक व्यावहारिक गोष्ट: प्रकल्पाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते, तर वाचक सर्व कालविभागांत असतात. तुमच्याकडे दोन तारीख उजाडलेली असेल तेव्हा मुखपृष्ठावर अजून एक तारीख असू शकते. शिवाय हा दिवस पाळण्याची रीत सगळीकडे नाही. मला स्वतःला लटके प्रस्ताव फारसे रुचत नाहीत. दरवर्षी तेच ते होतात. मुखपृष्ठावरचा खरा पण चकवणारा लेख मात्र मी दरवर्षी आवर्जून वाचतो.

आता लेखांच्या मागे काय चालते ते. चर्चापाने, सदस्यपाने, चावडी (सर्वांच्या चर्चेचे पान), प्रकल्पाचे निबंध. विनोदाची खरी जागा ही, आणि त्याची गरजही इथेच. कल्पना करा, परस्परांना कधी न भेटलेले लोक दही या अर्थाच्या इंग्रजी शब्दात एक जास्तीचे अक्षर असावे की नसावे यावर कित्येक वर्षे वाद घालतात. हे घडले आहे. इंग्रजी विकिपीडियावर तो वाद २०११ मध्ये मिटला. पोलंडमधल्या एका शहराला ग्दान्स्क म्हणावे की डान्झिग, यावर २००५ मध्ये कौल घ्यावा लागला. अशा क्षुल्लक संपादन-युद्धांची एक यादीच संपादकांनी केली आहे आणि तिचा उपयोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. पेटलेल्या चर्चेत कोणीतरी "आपण त्या यादीत जाणार आहोत" असे लिहिले की दोन्ही बाजू क्षणभर थांबतात. सल्ला देऊन जे होत नाही ते होते.

काही निबंध तर धोरणाइतके उपयोगी आहेत. "नाकात शेंगदाणे घालू नका" या अर्थाचा एक आहे, फक्त मुळात शेंगदाण्यांऐवजी वाल आहेत. सांगणे असे की जे करण्याचे कोणाच्या मनातही नव्हते ते "करू नका" असे जाहीर सांगितले की हमखास होते. उत्पात करण्याची नवी युक्ती सापडली तर ती चावडीवर सविस्तर लिहू नका, प्रचालकाला खासगीत कळवा, हा त्यातला व्यवहार. दुसरा निबंध म्हणतो, स्पायडरमॅनच्या वेशात जर्मन संसदेच्या इमारतीवर चढू नका. आपले म्हणणे लोकांच्या नजरेत आणायला प्रकल्प वेठीला धरू नका, हे त्याचे सार. तिसऱ्यात प्रचालकांचे दुःख आहे: वादग्रस्त पान सुरक्षित करताना प्रचालक नेहमी "चुकीची आवृत्ती"च सुरक्षित करतो, निदान दोन्ही बाजूंचे तसे मत असते. नव्या प्रचालकाला मी हा निबंध पहिल्याच दिवशी वाचायला देतो. शिव्या खाल्ल्यावर त्याला कळते की हे सर्वांच्या वाट्याला येते.

पण इथेही सीमा आहे आणि ती जुन्याजाणत्यांनीच जास्त ओलांडलेली दिसते. लेखी मजकुरात चेहरा नसतो, आवाज नसतो. जुन्या संपादकाने किरकोळ चूक केली की त्याच्या पानावर ट्राउट माशाचे चित्र टाकून एक प्रेमाचा तडाखा द्यायची रीत आहे. त्याला त्यात आपलेपणा दिसतो. तोच मासा कालच आलेल्या माणसाच्या पानावर टाकला तर तो अपमान होतो, आणि तो माणूस परत येत नाही. सर्वांत वाईट म्हणजे हटवण्याच्या चर्चेतल्या कोट्या. कोणीतरी आपल्या गावच्या गायकावर, आजोबांच्या संस्थेवर मन लावून लेख लिहिलेला असतो. तो उल्लेखनीयतेच्या, म्हणजे स्वतंत्र लेखाला पात्र असण्याच्या, निकषात बसत नसेल, हटवावा लागत असेल, हटवा. पण तिथे चमकदार वाक्य टाकून वाहवा मिळवणे हे क्रूर आहे. अशी वाक्ये मी दिसताच संबंधिताला कळवतो, तो कितीही ज्येष्ठ असला तरी.

हटवलेल्या गमतींचे काय करायचे, यावरही इंग्रजी विकिपीडियाने प्रयोग केला. सुरुवातीच्या वर्षांपासून तिथे "वाईट विनोद आणि इतर हटवलेला मूर्खपणा" अशा नावाची पाने होती. उत्पातातले मजेदार नमुने तिथे जपून ठेवत. वाचायला ती धमाल होती. पण दोन अडचणी झाल्या. मजकूर मूळ लिहिणाऱ्यांच्या नोंदीशिवाय उचलला जात होता आणि परवाना ती नोंद मागतो. २००७ मध्ये बहुतेक पाने हटवली गेली त्यामागे मुख्य मुद्दा हा होता. दुसरी अडचण उघड आहे: संग्रहात जागा मिळते म्हटल्यावर संग्रहासाठीच उत्पात करणारे येतात. त्यामुळे मी गस्तीवर असताना कितीही हसू आले तरी उलटवण्याच्या शेऱ्यात दाद देत नाही. कोरडा, नेहमीचा शेरा लिहितो.

तुम्हाला सामूहिकरीत्या विनोदच लिहायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र घर आहे. अनसायक्लोपीडिया २००५ च्या जानेवारीत सुरू झाला आणि त्याची भावंडे पुष्कळ भाषांत निघाली. स्पॅनिश, पोर्तुगीज, पोलिश, जपानी. तिथला सर्वांत महत्त्वाचा मार्गदर्शक लेख "नुसते मूर्ख न होता विनोदी कसे व्हावे" या अर्थाचा आहे, आणि तो प्रत्येक ज्ञानकोश-संपादकाने वाचावा असा आहे. तो सांगतो की निव्वळ खोटे लिहिणे म्हणजे विनोद नव्हे. खऱ्याच्या इतके जवळ राहा की वाचकाला फरक जाणवावा. ऑस्कर वाइल्डच्या तोंडी बनावट वचने घालण्याची तिथे एक लाट आली होती. पहिली काही वचने छान होती. मग प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक वचन येऊन बसले आणि त्यातली मजा संपली. उघड्या दाराच्या विनोदाचे नेहमी असे होते: ठरलेली गंमत पुन्हा करणे सोपे असते, नवी शोधणे कठीण. म्हणूनच तिथली वाचनीय पाने बहुतेक एकदोघांनी बसून लिहिलेली आणि इतरांनी फारशी न छेडलेली असतात. आणि ज्याला ज्ञानकोशाची भाषा, तळटिपा, तटस्थ दृष्टिकोन पक्का ठाऊक आहे तोच त्यांचे विडंबन नीट करू शकतो.

तेव्हा तुमच्या पुढच्या पावलांबद्दल. उलटवलेले वाक्य परत घालू नका. सुगरणीची माहिती वर सांगितल्याप्रमाणे संदर्भासह पुन्हा लिहा. ज्याने उलटवले त्याच्या चर्चापानावर दोन ओळी टाका, भांडायला नव्हे, ओळख करून घ्यायला. विनोदी निबंध लिहावासा वाटला तर तो आपल्या सदस्यपानाखाली लिहा, सुरुवातीलाच विनोदाचा साचा (तयार सूचनापट्टी) लावा म्हणजे शोधातून आलेल्या माणसाला पहिल्या ओळीत कळेल, आणि तो लेखांच्या वर्गांत टाकू नका. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लपवलेली खोटी माहितीही ठेवू नका. तिथूनही ती उचलली जाते.

आणि जुन्या लेखात दुसऱ्या कोणाची लपलेली गंमत सापडली, जी तुम्हाला सापडेलच कारण तुमचे कान तयार आहेत, तर लगेच पुसून मोकळे होऊ नका. आधी इतिहासात जाऊन ते वाक्य कोणत्या तारखेला आले ते काढा. मग त्या तारखेच्या आधीचा एखादा छापील किंवा जालावरचा संदर्भ मिळतो का ते शोधा. नंतरचे संदर्भ धरू नका, कारण ते याच वाक्यावरून आलेले असू शकतात. आधीचे काहीच मिळाले नाही तर वाक्य काढा, त्याच सदस्याची इतर संपादने तपासा, दुसऱ्या भाषांतल्या लेखांत ते भाषांतरित होऊन गेले आहे का ते पाहा, आणि लेखाच्या चर्चापानावर तारखांसह नोंद ठेवा. ती नोंद नसेल तर वर्षभराने कोणीतरी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन येईल आणि तेच वाक्य सद्भावनेने परत घालेल.